घरी कोण आहे?

"ताई, जाऊ का?"

शनिवारचा शेवटचा तास संपवून मी गराजचं दार खाली ओढत होते, तेव्हा तिने हे विचारलं. ती नर्स आहे. आठवड्यातल्या तीन रात्री हॉस्पिटलात असते आणि शनिवारी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी व्हायोलिन घेऊन लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोसला माझ्याकडे येते. सहा वर्षं झाली. आता पुण्यातल्या एका गुरुजींनी तिला पाच महिने समोर बसवून शिकवायचं कबूल केलंय. रजा मिळतेय, पैसे साठवलेत. मुलगी सात वर्षांची. नवऱ्याचं काम फिरतीचं.

मी "बघू" म्हणाले. उत्तर टाळायचं असलं की मराठी माणूस जे म्हणतो तेच.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात मेहली मेहता घोळताहेत. झुबिन मेहतांचे वडील म्हटलं की लोकांना ओळख पटते, आणि इथेच माझा पहिला आक्षेप आहे, पण तो पुढे. मेहलींचा जन्म 25 सप्टेंबर 1908 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. यशा हायफेट्झ हे त्यांचं दैवत. पाश्चात्त्य व्हायोलिन शिकायची धड सोय नसलेल्या शहरात ते बरंचसं स्वतःच्या हिमतीवर शिकले आणि 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. (ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर आपल्याला गणपतीतला सिनेगीतांचा कार्यक्रम आठवतो, तो नव्हे.) त्यात पहिल्या खुर्चीवर ते स्वतः वाजवायचे. पुढच्याच वर्षी झुबिन झाला आणि 1938 मध्ये झरीन.

मग 1945 साल. महायुद्ध संपत होतं. सदतिशीला आलेला, गावात नाव असलेला हा माणूस पत्नी तेहमीना आणि दोन मुलं मागे ठेवून न्यूयॉर्कला निघाला, विद्यार्थी म्हणून. आयव्हान गॅलेमियन यांच्याकडे शिकायला. गॅलेमियन जन्माने तब्रीझचे, वंशाने अर्मेनियन. मॉस्कोत शिकून आणि पॅरिसमध्ये राहून न्यूयॉर्कला आलेले. पुढे इत्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन यांच्यासारखी मंडळी त्यांच्या हाताखालून गेली. त्यांच्याकडे आधी स्वरसप्तकं, तीही संथ, आणि तेच सप्तक गजाच्या वेगवेगळ्या खेचींवर, वेगवेगळ्या लयींत, पुन्हा पुन्हा. सदतिशीत 'सा' पासून सुरुवात करणं काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याकडे अशी माणसं येतात. बोटांपेक्षा त्यांचा अहंकार जास्त दुखतो.

घरी नऊ वर्षांचा झुबिन आणि सात वर्षांचा झरीन. मेहलींच्या छोट्या चरित्रनोंदींमध्ये ही वर्षं एका ओळीत उरकतात: न्यूयॉर्कला गेले, शिकले, परत आले. त्या ओळीत जेवायला कोण कोण बसलं होतं ते येत नाही.

हे मी आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांना सांगितलं तर ते पटकन म्हणाले, "पण बघा ना, पोरगा झुबिन झाला!" म्हणजे हिशोब मिटला. आपल्याकडे प्रत्येक अशा गोष्टीवर हाच शिक्का मारतात. बाप गेला, पण पोरगं मोठं झालं. आई राबली, पण घर उभं राहिलं. फळ दाखवायचं आणि मागचं माफ करून घ्यायचं.

हेच गृहस्थ दर मंगळवारी गीतेच्या वर्गाला जातात. तिथे कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे माना डोलवत ऐकतात. मला एवढंच म्हणायचंय की हे वचन दोन्ही बाजूंनी कापतं. फळावर माझा अधिकार नसेल, तर फळ आलं नाही म्हणून रडायचा हक्क मला नाही, हे आपण मान्य करतो. पण फळ आलं म्हणून सुटायचाही हक्क मला नाही, हे मात्र कोणी बोलत नाही. झुबिन उद्या कंडक्टर न होता मुंबईत डॉक्टर झाला असता (सेंट झेवियर्समध्ये त्याची तयारी चाललीच होती), तर 1945 चं ते जाणं चूक ठरलं असतं का? आणि झाला म्हणून बरोबर ठरतं का? जाण्याचा क्षण जाण्याच्या क्षणीच तोलायला हवा. पुढचा इतिहास तेव्हा काट्यावर नव्हता.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची सगळ्यात कडक गोष्ट आळंदीत घडते. आपण ती ज्ञानेश्वरांच्या जन्माची प्रस्तावना म्हणून ऐकतो आणि पुढे सरकतो. विठ्ठलपंतांना विरक्ती आली. पत्नी रुक्मिणीचं लक्ष नसताना तिच्याकडून कसाबसा होकार मिळवून ते काशीला गेले. गुरूंनी विचारलं, घरी कोण आहे? विठ्ठलपंत म्हणाले, कोणी नाही. संन्यास मिळाला. पुढे तेच गुरू यात्रेच्या वाटेवर आळंदीला उतरले. सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या एका बाईने त्यांना नमस्कार केला आणि त्यांच्या तोंडून सवयीने 'पुत्रवती भव' निघून गेलं. ती हसली. का हसलीस विचारल्यावर सगळं बाहेर आलं. गुरू तिथूनच मागे फिरले, काशीला जाऊन शिष्याला म्हणाले, घरी जा.

मला या गोष्टीत गुरूचं फार कौतुक वाटतं. आपला आशीर्वाद खोटा पडतोय याची त्यांना लाज वाटली असेल, तेही असेल. पण त्यांनी रुक्मिणीला 'तुझ्या पोटी कोण येणार आहे बघ' असं सांगून गप्प बसवलं नाही. तेव्हा कोणाला ठाऊक होतं कोण येणार? त्यांनी एवढंच पाहिलं की घरी माणूस होतं आणि नाही म्हणून सांगितलं गेलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. परत आलेल्या संन्याशाला गावाने वाळीत टाकलं, पोरांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं आणि आईबापांनी शेवटी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. सोडून गेल्याबद्दल विठ्ठलपंतांना समाजाने कधी शिक्षा केली नाही. केली ती परत आल्याबद्दल. गेलेला माणूस आपल्याला थोर वाटतो आणि परत आलेला संशयास्पद. हे आजही असंच आहे.

संगीतात तर घर सोडणं हा जवळजवळ घराण्याचा नियम. बाबा अल्लाउद्दीन खाँ लहानपणीच घरातून पळाले. त्यांच्याकडे शिकलेल्यांत आपले व्हायोलिनवादक व्ही. जी. जोगही होते. बाबांचे चिरंजीव अली अकबर खाँ कॅलिफोर्नियात स्थायिक झाले, इथे त्यांनी कॉलेज काढलं. आणि त्यांच्या बहीण अन्नपूर्णादेवी? त्या मुंबईतल्या फ्लॅटचं दार लावून बसल्या, वर्षानुवर्षं मंचावर आल्या नाहीत, आणि दाराआड निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्यांना शिकवत राहिल्या. विद्या घर न सोडताही चालते, हे दाखवायला हे एक उदाहरण पुरे. पण ते बाईचं आहे म्हणून आपण त्याला त्याग म्हणतो. पुरुषाचं असतं तर कदाचित आळस म्हटलं असतं.

मी पुण्यात ज्या बुवांकडे शिकले त्यांची खोली सदाशिव पेठेत, जिन्याखाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला वाजवून दाखव म्हटलं नाही. "घरी कोण कोण असतं?" असं विचारलं. मी अठरा वर्षांची होते, मला तो भोचकपणा वाटला. त्या प्रश्नात आडनावाची, जातीची चाचपणीही होती, खोटं कशाला बोलू. पण त्यांना आणखीही काही कळून घ्यायचं होतं. ज्या मुलीच्या घरी आजारी आजी होती तिला ते सकाळी सातची वेळ देत नसत. एका विवाहित विद्यार्थिनीला त्यांनी दोन वर्षं दुपारी शिकवलं, कारण तिचं बाळ तेव्हा झोपायचं, आणि तिच्यासाठी स्वतःची झोप मोडली. त्यांच्याकडून मी मींड शिकले, गायकी अंग शिकले, व्हायोलिनवादक दातारांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायला शिकले. हा प्रश्न मात्र शिकले नाही.

1993 मध्ये मी अमेरिकेला आले, संख्याशास्त्रात एम. एस. करायला. मध्य पश्चिमेतलं थंडगार गाव होतं. मुलगा चार वर्षांचा. त्याला आजीकडे साताऱ्याला ठेवलं, नवरा पुण्यात नोकरीवर. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, भांडण नव्हतं, रडणंही माफक झालं. चौदा महिन्यांनी ते दोघे आले. विमानतळावर मुलगा नवऱ्याच्या पँटला धरून माझ्याकडे बघत उभा राहिला, मला ओळखायला त्याला बहुधा अर्धं मिनिट लागलं असेल. मग ओळखलं. मग सगळं सुरळीत. तो आज बांधकामाच्या कंपनीत अंदाजपत्रकं करतो, रविवारी फोन करतो, माझ्या हातचं पिठलं मागतो.

दोनेक वर्षांपूर्वी भांडी पुसता पुसता मी त्याला विचारलं, तेव्हाचं काही आठवतं का रे? तो म्हणाला, "तू व्हायोलिन नेलंस." एवढंच. रागाने नाही, एखादी नोंद सांगावी तसं. पुढचं वाक्य त्याने म्हटलं नाही आणि मीही ते त्याच्या तोंडून काढून घेतलं नाही. व्हायोलिन मी खरंच नेलं होतं. हातातलं सामान म्हणून, मांडीवर धरून. विमानात त्याच्यासाठी जागा झाली.

म्हणजे मेहलींविषयी मी तटस्थ नाही, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी लॉस एंजेलिसला आले 1999 साली, आणि त्यांनी कंडक्टरची छडी खाली ठेवली 1998 मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर. मधला प्रवास थोडक्यात असा. न्यूयॉर्कहून ते मुंबईला परतले. 1954 मध्ये झुबिन शिकायला व्हिएन्नाला गेला. 1955 मध्ये मेहलींनी स्वतः मँचेस्टर गाठलं, बार्बिरोलींच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला. 1959 पासून फिलाडेल्फियात कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये. 1964 मध्ये लॉस एंजेलिस. झुबिन 1962 पासून तिथल्या फिलहार्मोनिकचा संगीत संचालक होता, वय सव्वीस. बाप छप्पन्नाव्या वर्षी लेकाच्या गावात आला, यूसीएलएत शिकवू लागला आणि त्याच वर्षी त्याने अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली.

गंमत म्हणजे ज्याच्यापायी हे सगळं सुरू झालं तो हायफेट्झही तेव्हा याच शहरात राहत होता आणि शिकवत होता.

आपल्याकडे म्हणतात, सगळीकडे जिंकावं, पण मुलाकडून आणि शिष्याकडून हरायची इच्छा धरावी. मेहलींना हे वचन अगदी मापाने शिवल्यासारखं बसतं, म्हणूनच मला ते त्यांना लावायचं नाही. मघाचा आक्षेप तो हाच. झुबिनचे वडील म्हणून त्यांचा विचार केला की त्यांच्या स्वतःच्या तेहतीस-चौतीस वर्षांचं पाणी होतं. त्या वर्षांत ते हरत नव्हते. ते दर आठवड्याला शंभरेक पोरांसमोर उभे राहून गज एकत्र खाली, एकत्र वर, हे शिकवत होते.

हे दिसायला सोपं आहे. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर पडदे नसतात. सतारीवर, गिटारवर बोट कुठे ठेवायचं ते दाखवणारी खूण असते, इथे काही नाही. केसभर इकडे सरकलं की बेसूर. आमच्या बैठकीत मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याशी टेकवून वाजवताना डावा हात मोकळा सुटतो, मींड लांब घेता येते, आणि चुकलंच तर 'घसरत' नेऊन सावरता येतं. आम्ही त्याला भाव म्हणतो. हनुवटीखाली धरून सोळा जणांच्या रांगेत वाजवताना ही सोय नाही. तिथे माझा सूर माझा नसतो. शेजारच्याच्या सुरात तो विरघळला तरच बरोबर, वेगळा ऐकू आला तर चूक. मी यूसीएलएच्या रॉईस हॉलमध्ये या मुलांना एकदा ऐकलं, मेहली गेल्यानंतर. मला आठवली ती दिंडी. टाळकऱ्यांचे पाय एकदम उचलतात, एकदम पडतात, आणि मधल्या एखाद्याचं पाऊल चुकलं तर बाजूचा त्याच्याकडे बघत नाही, फक्त टाळ थोडा जोरात वाजवतो. व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेतल्या एका मुलीचा गज उलट्या बाजूला गेला होता. तिने तो हवेतच थांबवला, इतरांची खेच संपेपर्यंत थांबली आणि त्यांच्याबरोबर परत टेकवला. कोणाला कळलंही नसेल. हे तिला कोणीतरी शिकवलेलं असणार, आणि त्या कोणीतरीला आणखी कोणीतरी.

शास्त्रात यालाच ऋषिऋण म्हणतात. विद्येचं कर्ज देणाऱ्याला परत करता येत नाही, पुढच्याला द्यावं लागतं. गॅलेमियनना मेहली काय परत करणार होते? तासाची फी तेवढी. बाकीचं कर्ज त्यांनी लॉस एंजेलिसच्या पोरांकडे फेडलं. आणि ज्या संस्थेत फेडलं ती 2024 मध्ये बंद पडली, साठीच्या सुमारास. मेहली 2002 मध्येच गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, म्हणून त्यांना ते बघावं लागलं नाही. माझ्या गीतावाल्या गृहस्थांना विचारलं पाहिजे, आता या फळाचं काय करायचं? मला स्वतःला त्या बातमीने वाईट वाटलं, पण हिशोब बिघडला असं वाटलं नाही. संस्था बंद पडली म्हणून त्या मुलीचा हवेत थांबलेला गज उलटा होत नाही.

देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणं आपल्याला पाठ असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही आहे: मनुष्यऋण. ते फेडायचं माणसांना घरात घेऊन, त्यांना खायला घालून. यज्ञ नाही, अध्ययन नाही, वंश नाही, साधं अगत्य. हे चौथं ऋण यादीतून गळतं कसं ते मला आता उमगतंय. पहिली तीन फेडणाऱ्याचं नाव होतं. चौथं फेडणारी माणसं स्वयंपाकघरात असतात, साताऱ्याच्या आजीसारखी. माझ्या एम. एस. वर तिचं नाव नाही. चौदा महिने माझ्या मुलाला मऊ भात, मेतकूट आणि तूप तिने भरवलं. मी तिला अमेरिकेतून फोन करून "सगळं ठीक ना?" विचारत असे आणि ती "ठीक" म्हणत असे. तीन मिनिटांचे पैसे लागायचे.

तर माझं मत विचाराल तर मेहलींनी 1945 मध्ये जायला नको होतं असं मी म्हणणार नाही, आणि झुबिनकडे बोट दाखवून जायला हवं होतं असंही म्हणणार नाही. विद्येची ओढ खरी असते, ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. सदतिशीत जो माणूस पुन्हा सप्तकापासून सुरू करतो त्याला मी नमस्कारच करीन. पण जाणाऱ्याचं कर्ज जाणाऱ्याच्याच नावावर राहतं. ते ना मुलाच्या कीर्तीने फिटतं ना शिष्यांच्या संख्येने. माझंही फिटलेलं नाही. काही कर्जं अशीच वागवायची असतात, लपवायची मात्र नसतात. विठ्ठलपंत गेले याचं मला तितकं वाटत नाही. 'कोणी नाही' म्हणाले, त्याचं वाटतं.

पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा मी तिला तास सुरू करायच्या आधी बसवलं, चहा दिला, पायोनियर बुलेवार्डवरून आणलेली बाकरवडी समोर ठेवली आणि बुवांचा प्रश्न विचारला. घरी कोण कोण असतं? तिला वाटलं मी गप्पा मारतेय. मग सांगत गेली. नवरा सोमवार, बुधवार, शुक्रवार घरी असतो. वीकेंडला तिची नणंद येते. अडतंय ते मंगळवार आणि गुरुवार दुपारचं, शाळा सुटल्यापासून नवरा येईपर्यंत. मुलीला विचारलंस का? नाही विचारलं. विचार. आणि 'नको' म्हणाली तर? तर काय करायचं ते तू ठरव, पण विचारून ठरव.

विचारलं. मुलगी दोन दिवस बोलली नाही आणि मग म्हणाली, रोज व्हिडिओ कॉल, आणि व्हायोलिन इथे ठेवून जायचं, पुण्यात दुसरं घ्यायचं. आईला हे हट्टाचं वाटलं. मला नाही वाटलं. पुण्यात बरं व्हायोलिन भाड्याने मिळतं, मी फोन करून ठरवून दिलं.

ती जानेवारीत गेली. तिचं व्हायोलिन मुलीच्या खोलीत कपाटावर आहे. मंगळवारी आणि गुरुवारी मुलीला शाळेतून मी आणते. शाळा साडेतीनला सुटते, पार्किंग मिळायचं तर तीनला निघावं लागतं.